शेवटच्या रांगेतला हात

आप्पा थोरवत गेल्याचं फोनवर कळलं तेव्हा मी मेथी निवडत होते. फोन ठेवला आणि उरलेली मेथी निवडून संपवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून गहिवराची वाट बघायला नको.

सांगलीत त्यांची शोकसभा झाली ती नव्या नाट्यगृहात. जुनं पाडून हे नवं उभं राहावं म्हणून ज्यांनी गावभर चपला झिजवल्या, त्यांची शोकसभा दुसरीकडे होणार तरी कुठे? वक्ते पुष्कळ होते. एकानं त्यांना 'रसिकाग्रणी' म्हटलं, दुसऱ्यानं 'कलेचा पोशिंदा' म्हटलं, आणि तिसऱ्यासाठी काही शिल्लकच न राहिल्यामुळे त्यानं 'सांगलीचा कान' म्हटलं. संगीत मंडळाची चिटणीस म्हणून मलाही बोलायचं आमंत्रण होतं. मी घसा बसल्याचं कळवलं. घसा ठणठणीत होता. त्या दिवशी पोटात राहिलं ते आता लिहिते आहे.

आप्पा मूळचे विट्याकडचे. त्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. जुने दागिने आटवायचे, त्यातलं हिणकस काढायचं आणि शुद्ध सोनं हातात द्यायचं, असा तो धंदा. आप्पा पोरवयात सांगलीच्या सराफ कट्ट्यावर कामाला लागले, तिथून दक्षिणेतल्या कुठल्याशा शहरात गेले, आणि पन्नाशी उलटल्यावर गडगंज होऊन सांगलीत परतले. बंगला बांधला, पोरांची लग्नं केली, आणि मग वेळ जाईना म्हणून आमच्या मागे लागले.

दिसायला ठेंगणे, रुंद, पांढरा सफारी, आणि अत्तर असं की आधी ते यायचं आणि मग आप्पा. ॲसिडनं बोटांची टोकं पिवळी पडली होती, ती शेवटपर्यंत तशीच राहिली. हातात येईल ती वस्तू तळहातावर तोलून बघायची त्यांना खोड होती. चहाचा कप, सत्काराची शाल, निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा, काहीही. मंडळाचा तंबोरा एकदा त्यांनी गळ्याला धरून उचलला, दोनदा वरखाली केला आणि म्हणाले, "भोपळा हलका हाय ओ, बाई." तंबोऱ्याचा भोपळा हलका असतो, म्हणूनच तो तंबोरा असतो, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलवली आणि परत एकदा तोलला.

बोलण्यात एकच वाक्य सारखं यायचं. "आटवल्याबिगर काय सांगता येत न्हाई." नवा जावई कसा आहे विचारा, नवा नगरसेवक कसा आहे विचारा, यंदाचा गूळ कसा आहे विचारा, उत्तर तेच. त्यांच्या डोक्यातली भट्टी कधी विझलीच नाही. समोर आलेली प्रत्येक गोष्ट तिच्यात टाकावी, हिणकस जळून जाईल आणि चांगलं तेवढं खाली उरेल, असा त्यांचा पक्का समज होता. धंद्यात तो खरा ठरला असेल. आमचं वाटोळं त्याच समजानं केलं.

हे कळायला आमच्या मंडळाची एक पद्धत सांगायला हवी. मंडळाचा उत्सव दरवर्षी थंडीत असतो. रंगपूजा होते, नारळ फुटतो, तिसरी घंटा होते, पडदा उघडतो आणि मालूताई नांदी म्हणतात. माईक बंद असतो. ऑर्गन गप्प, तबला गप्प. पहिली ओळ नुसत्या गळ्यानं म्हणायची. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ती स्वच्छ ऐकू आली की त्यानं उभं राहून हात वर करायचा, आणि तो हात दिसला की तबलजीनं ठेका धरायचा. हात दिसल्याशिवाय तबला लागत नाही. कुणी पाडली ही पद्धत, ठाऊक नाही. माझ्या सासऱ्यांच्या लहानपणीही होती. माईक नव्हते तेव्हा आवाज पोचतोय की नाही हे बघायची ती सोय असणार. पुढे माईक आले, सोयीची गरज संपली, मान तेवढा राहिला. पहिल्या रांगेत आमदार बसोत नाही तर कलेक्टर, कार्यक्रम सुरू व्हायचा तो सर्वांत स्वस्त तिकीट काढलेल्या माणसाच्या परवानगीनं. मी वाईची, लग्न होऊन इकडे आले. सांगलीबद्दल मला जे काही प्रेम आहे, त्यातलं बरंचसं या एका हातामुळे आहे.

आणि मालूताईंमुळे. त्या शाळेत गाणं शिकवून निवृत्त झाल्या. अंगानं एवढ्याशा, चालताना भिंत धरणाऱ्या. नांदीच्या वेळी मात्र पाय रोवून उभ्या राहायच्या आणि आवाज सरळ शेवटच्या भिंतीवर जाऊन थांबायचा. त्यात त्यांच्या गळ्याचा वाटा होता तसाच त्या जुन्या इमारतीचाही होता. उंच छत, भिंतींना आणि छताला सागवानी फळ्या, मागे अर्धगोल सज्जा. बांधणाऱ्यांनी ते कसं साधलं होतं देव जाणे. साधलं होतं हे खरं.

आप्पांनी सराफ कट्ट्यावरच्या दिवसांत एका उत्सवाला शेवटच्या रांगेतून हात वर केला होता. ही गोष्ट ते दरवर्षी सांगायचे, आणि दरवर्षी पहिल्यांदाच सांगतोय अशी सांगायचे. "दुकानात समदी माज्यावर वराडायची. हितं मी हात वर केला आन् तबला वाजला बगा. जल्मात पयल्यांदा कुणीतरी माजं ऐकलं." गोष्ट चांगली होती. पण परत आल्यावर त्यांनी काय करावं? नाट्यगृहाच्या खुर्च्यांना नव्या गाद्या दिल्या आणि प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर आपल्या वडिलांचं नाव लाल अक्षरांत रंगवून घेतलं. म्हणजे कुठल्याही प्रेक्षकानं तीन तास नाटक बघावं तर त्याच्या नाकासमोर 'कै. गणपती थोरवत यांच्या स्मरणार्थ'. शोकांतिका असो नाही तर फार्स, गणपतराव आहेतच. आणि त्या गाद्यांच्या बदल्यात आप्पांनी एकच गोष्ट मागितली. हात आपणच वर करायचा, दरवर्षी.

मंडळाच्या समितीनं तो मान देऊन टाकला. मी विरोध केला, तर अध्यक्ष म्हणाले, "दाते आहेत. राहू द्या ना." तेव्हापासून ते पहिल्या रांगेत बसायचे आणि नांदीपुरते उठून, मधल्या वाटेनं, ओळखीच्यांना नमस्कार घालत मागे जायचे. त्यांच्या त्या चालण्यासाठी तिसरी घंटा खोळंबायची. शेवटच्या रांगेत कुणी कॉलेजची मुलगी असायची, कुणी मिरजेहून आलेला टांगेवाल्याचा नातू असायचा. ते अत्तराच्या वासात बसून आप्पांच्या वर गेलेल्या हाताकडे बघायचे. ज्या हातानं आप्पांना एकदा माणूस केलं, तो त्यांनी बाकीच्या सगळ्यांकडून काढून घेतला. मला त्यांचा राग होता तो इथपासून होता.

त्यांना गाण्यातलं काही कळत नव्हतं असं म्हणायची सोय असती तर माझं काम सोपं होतं. एकदा धारवाडकडच्या एका मोठ्या गवयाला त्यांनी भर मैफलीत उभं राहून सांगितलं, "आवं, ते मगाचं परत घ्या की." सभागृह हबकलं. मला खुर्चीखाली जावंसं वाटलं. गवईबुवा रागानं बघत राहिले, मग हसले, आणि ती जागा परत घेतली. त्या रात्रीची ती सगळ्यांत सुंदर जागा होती, आणि माझ्या कानावरून ती पहिल्यांदा तशीच गेली होती. हे मला त्यांच्याबद्दल सर्वांत जड जाणारं वाक्य आहे, म्हणून लिहून मोकळी होते.

मग महापूर आला. कृष्णेचं पाणी रंगमंचावर चढलं आणि आठवडाभर उतरलं नाही. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर खुर्च्यांच्या गाद्या फुगून फाटल्या होत्या, गणपतराव चिखलात लोळत होते, आणि तळघरातला ऑर्गन बाहेर काढताना हातात सुटा झाला. महापालिकेनं नाट्यगृहाला कुलूप लावलं. दुरुस्तीला पैसा नाही म्हणाले. गटारांना असतो तेवढाही नाही म्हणाले. पुढे कुणीतरी तोडगा आणला की खाजगी कंपनीला भागीदार करून घ्यावं. जागा महापालिकेची राहील. कंपनी जुनं पाडेल, पुढे दुकानं, वर सिनेमाचे पडदे, बाजूला लग्नाचा हॉल काढेल, आणि या सगळ्याच्या मध्ये नवं नाट्यगृह फुकटात बांधून देईल. त्या बदल्यात एक पिढीभर सगळा कारभार कंपनीकडे. याला पीपीपी म्हणतात असं पेपरात आलं. त्यासाठी नागरिकांची एक सल्लागार समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष झाले आप्पा.

आमच्या मंडळाच्या बैठकीत ते ही योजना समजवायला आले.

"सोपं हाय," ते म्हणाले. "जागा म्हापालिकेची, पैका कंपनीचा, आन् नाटक आपलं."

"आणि किल्ली कुणाची?" मी विचारलं.

"किल्लीचं काय घिऊन बसलाय, बाई? दार उगडलं म्हंजे झालं."

मी म्हणाले, इमारत धड आहे, भिंती धड आहेत, छत धड आहे. जमीन, वायरिंग आणि खुर्च्या नव्या करा, भागेल. वर्गणी काढू. आप्पांनी टेबलावरची पितळी घंटा उचलून तळहातावर तोलली.

"बाई, मोडका दागिना किती दिस डागडुजी करून घालायचा? आटवायचा आन् नवा घडवायचा. सोनं कुटं पळून जातंय?"

"आटवताना घट येते ना, आप्पा?"

ते मनापासून हसले. "घट कचऱ्याची येती ओ. सोन्याची न्हाई."

आमच्या मंडळाच्या समितीतल्या लोकांना हे फार आवडलं. नुसत्या हशावर माणसं किती मोठे निर्णय घेतात! मी एकटीच तोंड वाकडं करून बसले, आणि ठराव झाला.

त्यांनी यात हात ओले केले असणार, अशी माझी खात्री होती. मी चौकश्या केल्या. दुकानाचा गाळा त्यांच्या पोराला मिळालाय का? नाही. सिमेंट, सळी, वाळू, कशात भागीदारी? नाही. उलट कंपनीच्या पुण्याच्या कचेरीच्या खेपा त्यांनी स्वतःच्या गाडीनं केल्या. माणूस निर्मळ निघाला आणि माझा संताप दुप्पट झाला. पैसे खाल्ले असते तर निदान त्यांना थांबवायची काही वाट होती, चार लोकांत उघडं तरी पाडता आलं असतं. प्रेमानं वाट लावणाऱ्या माणसाचं काय करायचं हे मला आजही कळलेलं नाही.

एक गोष्ट मी पदरात पाडून घेतली. पाडायच्या आधी कंपनीच्या माणसानं मालूताईंची नांदी त्या इमारतीत ऐकायची, म्हणजे काय राखायचंय ते त्याला कळेल. आप्पांनी हे लगेच मान्य केलं. त्यांच्या दृष्टीनं हा सोन्याचा कस लावून ठेवण्यातला प्रकार होता. नवं झालं की याच्याशी पडताळायचं.

दुपारची वेळ होती. वीज तोडलेली, सज्ज्याच्या खिडक्यांतून येईल तेवढा उजेड. खुर्च्या उपसून नेल्या होत्या, जमिनीवर वाळल्या गाळाच्या खपल्या. मालूताई रंगमंचाच्या एका धड फळीवर उभ्या राहिल्या. आप्पा, कंपनीचे पुण्याचे साहेब आणि मी अगदी मागे. मालूताईंनी तोंड उघडलं आणि पहिली ओळ आली. कुणी कानाशी येऊन म्हणावी तशी आली, श्वाससुद्धा ऐकू आला. आप्पांचा हात वर गेला. तबलजी नव्हता, हात बघणारं कुणी नव्हतं, तरी गेला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते त्यांनी पुसलं नाही. दुसऱ्या हातानं त्यांनी साहेबांचं मनगट धरलं.

"हे. ह्ये असंच पायजे. समजलं का?"

साहेब नम्र होते. "सर, नव्या हॉलमध्ये कुजबुजलं तरी इथपर्यंत पोचेल. साऊंड सिस्टीम परदेशी आहे."

"माईकशिवाय?" मी विचारलं.

ते माझ्याकडे हसून बघत म्हणाले, "मॅडम, माईकशिवाय आता कोण गातं?"

समोर उभ्या आहेत त्या काय करतायत, असं मी म्हणणार होते, तोवर आप्पाच म्हणाले, "बाई, तुमी लय शंका काढता. त्येंनी शबुद दिलाय." आणि मालूताईंच्या पाया पडायला पुढे गेले.

इमारत पाडली. आप्पांनी भिंतींच्या आणि छताच्या सागवानी फळ्या मात्र एकेक करून सोडवून घेतल्या आणि ट्रकनं आपल्या गावी शेतातल्या शेडमध्ये नेऊन ठेवल्या. त्यांचं म्हणणं, आवाज या लाकडात मुरलाय. नव्या नाट्यगृहात हीच फळी लावली की झालं. दागिना मोडला, सोनं तेच. बांधकाम रेंगाळलं. ती वर्षं आम्ही उत्सव इस्लामपूरला साखर कारखान्याच्या सभागृहात केला. पत्र्याखाली, माईक लावून. हाताची पद्धत तिथे जमलीच नाही. मालूताई माईकसमोर अवघडून उभ्या राहायच्या आणि गाडीत परत येताना एकच विचारायच्या, "आपलं झालं का गं बांधून?" त्यांचं वय वाढत होतं. त्यांना पुन्हा एकदा, एकदाच, पहिल्यासारखं गायचं होतं. माझं त्या सगळ्यात दुसरं काही मागणं नव्हतं.

इस्लामपूरच्या खर्चाचं बोलायला मी एकदा आप्पांच्या शेडवर गेले. ते पालथ्या घमेल्यावर बसून फळ्यांना जवसाचं तेल चोळत होते. गडीमाणसं असताना स्वतः. मला बघून त्यांनी एका फळीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि तिला कान लावला.

"या, ऐका."

मी ऐकलं. लाकूड वाजलं, लाकडासारखं.

"मालूताई हाय की न्हाई त्यात?" ते म्हणाले.

मला क्षणभर त्यांची कणव आली. एस.टी. सांगलीच्या स्टँडवर लागेपर्यंत ती उतरली होती.

नवं नाट्यगृह झालं. त्याला एका सिमेंट कंपनीचं नाव आलं. गणपतराव गेले. दारात काच, आत गालिचा, भिंतींना करडं कापड आणि कापडाच्या आत कापसासारखं काहीतरी भरलेलं, छत खाली उतरलेलं, कारण त्याच्यावर थंड हवेचे नळ. सागवानी फळ्या तळमजल्यावर कॉफीच्या दुकानाच्या भिंतीला लावल्या होत्या. पिवळे दिवे सोडले होते आणि 'वारसा भिंत' अशी पाटी होती. पाटीवर आप्पांचं नाव होतं.

"आप्पा, ह्या इथे?" मी उद्घाटनाच्या दिवशी विचारलं.

"दिसत्यात तर झ्याक," ते म्हणाले. मग म्हणाले, "आतबी लावत्याल. बोललोय मी. आगीचा कायतरी नियम आडवा येतोय."

आगीचा नियम आम्हाला त्याच दिवशी भेटला. रंगपूजेला आप्पांनी ताटात कापूर पेटवला आणि इमारतभर भोंगा सुरू झाला. सुरक्षारक्षक लाल नळकांडं घेऊन रंगमंचावर धावत आला आणि नटराजावर रोखून उभा राहिला. मंत्री आले होते ते जागेवरून उठून दाराकडे निघाले. आप्पा ताट हातात धरून माईकवर सांगत होते, "घाबरू नका, आधुनिक हाय! आधुनिक हाय समदं!" लोक खूप हसले, मीही हसले. त्या समारंभात नांदी टेपवर लावली होती.

पुढे कळलं की शनिवार-रविवार रिसेप्शन आणि विनोदी कार्यक्रमांना, आणि स्थानिक संस्थांना मंगळवार-बुधवार सकाळ. बुकिंग मोबाईलवर. सवलतीच्या दराचा शब्द आप्पांनी आणला होता, तो पाळला असं म्हणायला हरकत नाही, कारण मंगळवारी सकाळी दहा वाजता ती जागा दुसरं कोण घेणार? आम्ही मंगळवार घेतला. दिवस कुठलाही असो, मालूताईंना गायचं होतं.

त्या सकाळी नारळ आत न्यायला बंदी होती, तो आम्ही पार्किंगमध्ये फोडला. प्रेक्षक बऱ्यापैकी आले, बहुतेक निवृत्त माणसं. आप्पा काठी घेऊन आले होते. गेल्या वर्षात एकदम उतरले होते, सफारी खांद्यावरून लोंबत होता. पायऱ्यांवर अंधार, म्हणून अध्यक्षांनी मला सांगितलं, आप्पांना मागे नेऊन सोडा. नेमकं मला. मी त्यांचा दंड धरला आणि आम्ही हळूहळू चढत गेलो. तिसरी घंटा नेहमीप्रमाणे खोळंबली. वाटेत ते नमस्कार घालत नव्हते, पायरी मोजत होते. शेवटच्या रांगेशी पोचल्यावर त्यांनी काठी माझ्याकडे दिली, सफारी खाली ओढला आणि हात मोकळा करून ताठ उभे राहिले.

पडदा मोटारीवर सरकला. मालूताई लांब, खाली, उजेडात उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटले आणि ओठ हलायला लागले.

थंड हवेच्या यंत्राची घरघर होती. वरच्या मजल्यावर कुठलातरी सिनेमा चालू होता, त्याचा ठोका पायांतून येत होता. बाकी काही नाही. तबलजीचे हात तबल्यावर थांबलेले, मान वळवून तो आमच्याकडे बघत होता.

"चालू झालं का ओ, बाई?" आप्पांनी विचारलं.

"झालं."

त्यांनी कानामागे पंजा धरला. थोडं पुढे वाकले. मग हळूच म्हणाले, "मग माजं कानच गेलं म्हनायचं. सून म्हनत व्हती, मशीन घ्या."

मला गप्प राहता आलं असतं. म्हातारा माणूस, कान गेले असं समजून घरी गेला असता, मशीन घेतलं असतं, आणि सुखानं मेला असता. मी गप्प राहिले नाही.

"आप्पा, तुमचे कान चांगले आहेत," मी म्हणाले. "मलाही काही ऐकू येत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाजूच्या भिंतीवर पंजा ठेवला आणि दाबला. कापड आत गेलं आणि परत वर आलं. त्यांनी बोटाच्या पेरानं टकटक केलं. काही वाजलं नाही. त्यांनी मान वर करून छताकडे पाहिलं, आणि मला वाटतं तेव्हा पहिल्यांदा ते नाट्यगृह त्यांना दिसलं.

खाली मालूताईंची ओळ संपली होती. हात दिसला नव्हता. त्यांनी ती पहिल्यापासून घेतली. तीही संपली. तिसऱ्यांदा घेतली तेव्हा त्यांची मान ताणलेली एवढ्या लांबूनही दिसत होती, आणि त्यांनी शेजारच्या खुर्चीचा आधार धरला होता. आता प्रेक्षकही माना वळवून आमच्याकडे बघू लागले.

"लय ताणाय लागली ओ ती," आप्पा म्हणाले. "मरंल अशानं."

आणि त्यांनी हात वर केला.

तबला लागला. त्याला माईक होता, तो खणखणीत आला, ऑर्गनही आला, आणि कुणीतरी मालूताईंसमोर माईक नेऊन ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालूताईंनी मागच्या अंधाराकडे बघून हात जोडले. त्यांचं तोंड फुललं होतं. त्यांना वाटलं, पोचलं.

मी काठी आप्पांच्या बाजूच्या खुर्चीला टेकवून ठेवली आणि पायऱ्या उतरायला लागले. अर्ध्या वाटेत वळून बघितलं. तबला लागला की हात खाली घ्यायचा असतो. त्यांनी घेतला नव्हता.